केरळच्या सहलीचे कोटेशन हाती आल्यावर: पर्यटन व्यवसायातील संज्ञा वाचण्याची रीत

प्रवासी कंपनीकडून व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या कोटेशनचा एक नमुना आधी पाहू: "५ रात्री ६ दिवस, एक्स-कोची, मुन्नार २, थेक्कडी १, अलेप्पी हाऊसबोट १, कोची १, थ्री स्टार किंवा तत्सम, एमएपी, डीलक्स हाऊसबोट एपी, पीव्हीटी सेडान, माणशी २१,५०० ट्विन शेअरिंग, जीएसटी एक्स्ट्रा." आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, भाषा मात्र रोजच्या व्यवहारातली आहे. बहुतेक जण यातला २१,५०० हा आकडा वाचतात, दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहतात आणि निर्णय घेतात. वास्तविक त्या आकड्याच्या आजूबाजूचे प्रत्येक अक्षर कोणता खर्च कोणाच्या खिशातून जाणार आणि बेत फसला तर तो कोणी निस्तरायचा, हे ठरवत असते. म्हणून या संज्ञा वर्णानुक्रमाने न घेता, ज्या क्रमाने कागद आपल्या हाती येतात त्या क्रमाने घेऊ.

पहिली पायरी: सहल कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवून घ्या

"एक्स-कोची" याचा अर्थ सहल कोचीपासून सुरू होते आणि बहुधा कोचीलाच संपते. मुंबई, पुणे किंवा नागपूरहून कोचीपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च या रकमेत नाही. अशा सहलीला व्यवसायात "लँड पॅकेज" म्हणतात. तोच कार्यक्रम "एक्स-मुंबई" असेल तर मुंबईहून जाण्यायेण्याचे भाडे धरलेले असते, पण ते विमानाचे की रेल्वेचे, हे तरीही विचारावे लागते. मराठी सहल कंपन्या "जॉइनिंग-लीव्हिंग" असाही शब्द वापरतात: गटासोबत न येता थेट ठिकाणी हजर होणाऱ्या आणि तिथूनच परतणाऱ्या प्रवाशासाठी तो दर असतो. दोन कंपन्यांच्या दरांत माणशी दहा-बारा हजारांचा फरक दिसला की सर्वांत आधी या "एक्स"कडे पाहावे. निम्म्या वेळा कोडे तिथेच सुटते. (ओळीच्या शेवटी असलेल्या "एक्स्ट्रा"शी या "एक्स"चा काही संबंध नाही. "एक्स्ट्रा" फक्त पैसे वाढवतो.)

"५ रात्री ६ दिवस" यात हॉटेलवाला रात्री मोजतो आणि प्रवासी दिवस मोजतो; वादाचे मूळ इथेच आहे. विमान कोचीला संध्याकाळी सात वाजता उतरले तरी तो पहिला दिवस धरला जातो, आणि शेवटच्या दिवशी नाश्ता करून विमानतळावर सोडले की सहावा दिवस भरतो. त्यामुळे विमानाची वेळ ठरल्याशिवाय सहलीत खरे दिवस किती, हे सांगता येत नाही. चेक-इन दुपारी दोनचे आणि चेक-आउट सकाळी अकराचे, असा रिवाज आता बहुतेक हॉटेलांत रुळला आहे. रेल्वेने पहाटे पाच वाजता पोहोचणार असाल तर "अर्ली चेक-इन उपलब्धतेनुसार" या शब्दांवर विसंबू नये. "उपलब्धतेनुसार" म्हणजे हॉटेलने कोणतेही वचन दिलेले नाही. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर आदल्या रात्रीचे भाडे भरून खोली घेणे किंवा तासाभरासाठी आंघोळीपुरती खोली मागणे, हे दोनच खात्रीचे मार्ग आहेत.

दुसरी पायरी: खोली आणि जेवण यांची अक्षरे सोडवा

जेवणाच्या चार योजना साऱ्या व्यवसायात रूढ आहेत. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, यात फक्त खोली मिळते. सीपी म्हणजे कॉन्टिनेन्टल प्लॅन, खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन, नाश्ता आणि एक मुख्य जेवण. एपी म्हणजे अमेरिकन प्लॅन, नाश्त्यासह दोन्ही वेळचे जेवण. नावांतल्या खंडांवरून पदार्थांचा अंदाज बांधू नये. सीपीच्या नाश्त्यात इडली-सांबार सुखाने मिळते.

आपल्या नमुन्यात हॉटेलच्या चार रात्री एमएपी आहेत, म्हणजे चार नाश्ते आणि बहुधा चार रात्रीची जेवणे. दुपारचे जेवण एकदाही नाही. मुन्नार ते थेक्कडी हा रस्ता दुपारच्या जेवणाची वेळ गाठणारा आहे, तेव्हा तो खर्च स्वतंत्र धरावा. एमएपीमधले मुख्य जेवण दुपारचे हवे की रात्रीचे, हे काही हॉटेले विचारतात. न विचारल्यास रात्रीचेच समजावे. "फिक्स्ड मेन्यू" आणि "बुफे" यांतला फरकही लेखी घ्यावा. हॉटेलात पाहुणे कमी असले की कागदावरचा बुफे ताटावर येतो.

"ट्विन शेअरिंग" ही संज्ञा सर्वांत जास्त गैरसमज घडवते. माणशी २१,५०० हा दर एका खोलीत दोघे राहणार, या गृहीतावर आहे. दोघांचे मिळून ४३,००० झाले. एकट्याने जाणाऱ्याला हा दर लागू होत नाही. त्याला पूर्ण खोलीचा भार उचलावा लागतो आणि त्या जादा रकमेला "सिंगल सप्लिमेंट" म्हणतात. खोलीत तिसरा माणूस आला की "एक्स्ट्रा बेड". हा बहुतेक ठिकाणी जमिनीवरची गादी किंवा घडीची खाट असतो, तिसरा पलंग नसतो. मुलांसाठी "सीडब्ल्यूबी" म्हणजे वेगळ्या बिछान्यासह आणि "सीएनबी" म्हणजे वेगळ्या बिछान्याविना. कोणत्या वयापर्यंत मूल फुकट आणि कोणत्या वयापासून पूर्ण दर, हे प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवते, म्हणून मुलाचे वय प्रवासाच्या तारखेनुसार लिहून कळवावे. आरक्षण करताना अकरा वर्षांचा असलेला मुलगा सहलीच्या आठवड्यात बारा पूर्ण करतो, आणि मग हॉटेलच्या काउंटरवर त्याचा वाढदिवस साजरा होतो.

"थ्री स्टार किंवा तत्सम" यातील "तत्सम" हा शब्द कंपनीला हॉटेल बदलण्याची मुभा देतो. ही मुभा अन्यायाची नाही; सुट्टीच्या दिवसांत खोल्या खरोखरच मिळत नाहीत. मात्र "तत्सम" म्हणजे नेमके कोणते, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. प्रत्येक ठिकाणची दोन-दोन हॉटेलांची नावे लिहून मागावीत. तारांकनाबाबतही सावध असावे: हॉटेलांना अधिकृत तारे देण्याची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची व्यवस्था आहे, पण ती ऐच्छिक आहे, आणि कोटेशनमधला "थ्री स्टार" पुष्कळदा विकणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो. "डीलक्स", "प्रीमियम", "सुपीरियर" या शब्दांना तर कोणतेही सर्वमान्य माप नाही. एका हॉटेलची डीलक्स ही तिथली सर्वांत साधी खोली असते, कारण त्याखालचा वर्गच ठेवलेला नसतो.

हाऊसबोटीच्या बाबतीत "डीलक्स" या शब्दाला मात्र व्यवहारात ठरलेला अर्थ आहे, आणि तो समजला नाही तर अलेप्पीत हमखास वाद होतो. डीलक्स हाऊसबोटीचा एसी साधारणपणे रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. दिवसभर एसी हवा असेल तर प्रीमियम किंवा लक्झरी वर्गाचे पैसे मोजावे लागतात. बोटीवर चढायचे दुपारी बाराच्या सुमारास आणि उतरायचे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास. बोट रात्रभर बॅकवॉटरमध्ये फिरत राहील, अशी कल्पना करून आलेल्यांची निराशा होते, कारण संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधली जाते. त्यानंतर पाण्यात स्थानिक मच्छीमारांची जाळी पडतात. "एपी" असल्यामुळे चढल्यावर दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता एवढे त्यात येते. तेव्हा "हाऊसबोट १" या दोन शब्दांचा अर्थ सुमारे एकवीस तास मुक्काम, त्यातले पाच-सहा तास जलप्रवास आणि नऊ तास गारवा, असा वाचावा. बोट "शेअरिंग" आहे की "प्रायव्हेट", हा आणखी एक प्रश्न. शेअरिंगमध्ये खोली आपली, पण पुढची बैठक इतर कुटुंबांसोबत वाटून घ्यावी लागते.

कोकणात जाणाऱ्यांसाठी जाता जाता एक: महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या "निवास व न्याहारी" योजनेतील घरे म्हणजे हॉटेल नव्हे. मालकाच्या घरातल्या खोल्या आणि घरचे खाणे तिथे मिळते. चोवीस तास रूम सर्व्हिसची अपेक्षा तिथे ठेवू नये.

तिसरी पायरी: गाडीचा हिशेब स्वतः करून पाहा

"पीव्हीटी" म्हणजे प्रायव्हेट: गाडी फक्त आपल्यासाठी. "एसआयसी" म्हणजे सीट इन कोच: आपल्याला बसमधली जागा मिळते, बस इतरांनाही त्यांच्या हॉटेलांतून उचलत जाते आणि उशीर झाला तर थांबत नाही. दुबई, सिंगापूर, बँकॉकच्या स्वस्त कार्यक्रमांत एसआयसीच असते. "ट्रान्सफर" म्हणजे केवळ विमानतळ ते हॉटेल असे नेणे-आणणे. वाटेत काही पाहायला थांबणे त्यात येत नाही. "डिस्पोजल"वर गाडी असेल तर ठरलेले तास आणि किलोमीटर संपेपर्यंत आपण म्हणू तिकडे ती जाते. "घाटात एसी बंद" ही अट केरळ आणि हिमाचलच्या कोटेशनांत तळाशी बारीक अक्षरांत सापडते.

पॅकेज न घेता स्वतः टॅक्सी ठरवणाऱ्याने "दिवसाला किमान ३०० किलोमीटर" या अटीचा अर्थ नीट समजून घ्यावा. समजा, पुण्याहून महाबळेश्वरला तीन दिवसांसाठी गाडी घेतली आणि दर किलोमीटरला १४ रुपये ठरला. जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर आणि तिथले फिरणे ६०, असे ३०० किलोमीटर होतात. ४,२०० रुपये होतील, असे आपण मनाशी धरतो. बिल येते १२,६०० रुपयांचे, कारण तीन दिवसांचे किमान ९०० किलोमीटर आकारले जातात. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग. "गॅरेज टू गॅरेज" असेही लिहिले असेल, तर मीटर आपल्या दारात नव्हे, गाडी तिच्या तळावरून निघते तेव्हापासून सुरू होतो. अशा मुक्कामी सहलीसाठी किलोमीटरचा दर न घेता एकरकमी भाव ठरवणे किंवा फक्त जाण्याची आणि परतीची गाडी घेऊन तिथे स्थानिक टॅक्सी करणे, हे बहुधा स्वस्त पडते.

चौथी पायरी: स्थलदर्शनातील क्रियापदे वाचा

कार्यक्रमपत्रिकेत "भेट" असे लिहिलेले असेल तर आत जाणे अपेक्षित आहे, पण प्रवेशशुल्क "इन्क्लूजन्स"मध्ये म्हणजे समाविष्ट बाबींत आहे का, हे वेगळे पाहावे. "फोटो स्टॉप" म्हणजे बाहेर दहा-पंधरा मिनिटे. "पॅनोरमिक टूर" किंवा "ओरिएंटेशन टूर" म्हणजे बसच्या खिडकीतून. "ऑप्शनल" म्हणजे पैसे आपले. "अॅट लीझर" म्हणजे त्या दिवशी कंपनीने काहीही ठरवलेले नाही, गाडीही नाही. माझ्या मते पत्रिकेतील सर्वांत महाग शब्द हाच आहे, कारण त्या मोकळ्या दिवसाचा सारा खर्च सहल सुरू झाल्यावर समोर येतो.

ठिकाण बंद असेल तर काय, हेही याच पायरीवर तपासावे. मुन्नारजवळचे एराविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबकऱ्याच्या विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पर्यटकांना बंद असते. कोचीतील मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी आणि तिथले ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते. तारखांशी ताळा न बघता छापलेल्या पत्रिकेत ही सारी नावे तशीच असतात, आणि "अपरिहार्य कारणास्तव बंद असल्यास परतावा नाही" ही ओळही असते.

पाचवी पायरी: रेल्वे आणि विमानाचे तिकीट

रेल्वेचा पीएनआर दहा अंकी असतो आणि त्या तिकिटावरील सर्व प्रवाशांची नोंद त्याखाली असते. स्थिती "सीएनएफ" म्हणजे निश्चित. "आरएसी" म्हणजे गाडीत बसण्याचा हक्क आहे, पण बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटून. कोणाचे तिकीट रद्द झाले तर पूर्ण बर्थ मिळतो. प्रतीक्षायादीचे प्रकार मात्र एका तोलाचे नाहीत. "जीएनडब्ल्यूएल" ही सर्वसाधारण यादी, मुख्यतः गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांची. ती सर्वांत लवकर सरकते. "आरएलडब्ल्यूएल" मधल्या मोठ्या स्थानकांची आणि "पीक्यूडब्ल्यूएल" अनेक लहान स्थानकांनी मिळून वाटून घेतलेल्या कोट्याची. यांत पंधरावा क्रमांकही जड जातो. "टीक्यूडब्ल्यूएल" ही तत्काळची यादी, तिचा भरवसा आणखी कमी. "जीएनडब्ल्यूएल २५/डब्ल्यूएल ८" असे दिसले तर पहिला आकडा तिकीट काढतानाचा आणि दुसरा आजचा. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार झाल्यावरही प्रतीक्षायादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आली आहे. तत्काळ आदल्या दिवशी एसी वर्गांसाठी सकाळी १० आणि इतरांसाठी ११ वाजता उघडते. स्थानकांची संक्षिप्त नावेही पाहावीत: "डीआर" म्हणजे मध्य रेल्वेचे दादर आणि "डीडीआर" म्हणजे पश्चिम रेल्वेचे.

वेळेच्या बाबतीत आमच्या घरातली गोष्ट सांगतो. गाडी १५ तारखेला ००.२५ वाजता होती. आम्ही १५ तारखेच्या रात्री जेवून, दहीभात बांधून, साडेअकराला स्टेशनात पोहोचलो. गाडी तेवीस तासांपूर्वीच गेली होती. ००.२५ म्हणजे १४ तारखेची रात्र सरून लागलेली १५ तारीख. माझ्यासारख्या तिकिटे विकणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले, तेव्हा इतरांनी लाजू नये, पण मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक गाडीच्या आणि विमानाच्या तारखेवर पेनाने "आदल्या रात्री निघणे" असे लिहून ठेवावे.

विमानाचा पीएनआर सहा अक्षरांचा असतो. १३ अंकी ई-तिकीट क्रमांक ही वेगळी गोष्ट असून त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. "नॉन-स्टॉप" विमान मध्ये कुठेही उतरत नाही. "डायरेक्ट" विमान मध्ये उतरू शकते, फक्त उड्डाण क्रमांक एकच राहतो. "कनेक्टिंग"मध्ये विमान बदलावे लागते. मधला थांबा चोवीस तासांच्या आतला असेल तर "लेओव्हर", आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याहून मोठा असेल तर "स्टॉपओव्हर". वेळेपुढे "+१" दिसले तर विमान दुसऱ्या तारखेला पोहोचते, आणि हॉटेल त्या तारखेपासून घ्यायचे. "कोडशेअर" म्हणजे तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे. बॅगेची मर्यादा कोणाची लागू होते, हे विचारावे. स्वस्ताईसाठी दोन वेगळी तिकिटे जोडली असतील तर ते "सेल्फ ट्रान्सफर" झाले: मध्ये बॅग स्वतः घ्यायची, पुन्हा द्यायची, आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण "नो-शो", म्हणजे न आलेले प्रवासी, ठरतो. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान चालते. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते.

विमानतळाची तीन अक्षरेही वाचावीत. गोव्यात दाबोळीचे "जीओआय" आणि मोपाचे "जीओएक्स" असे दोन विमानतळ आहेत; मोपा उत्तर टोकाला असल्याने काणकोणला राहणाऱ्याने ते घेतले तर टॅक्सीचे भाडे तिकिटाच्या स्वस्ताईला गिळते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे "मुंबई" एवढे वाचून घरून निघता येत नाही.

सहावी पायरी: पैसे भरण्याआधी

"ऑन रिक्वेस्ट" म्हणजे हॉटेलकडे विचारणा झाली आहे, खोली मिळालेली नाही. "ब्लॉक" म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत धरून ठेवली आहे. "कन्फर्म" हा शब्द लेखी आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. रद्द करण्याचा आकार प्रवासाची तारीख जवळ येईल तसा टप्प्याटप्प्याने वाढतो. हे टप्पे निघण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. "रीशेड्यूल फ्री" म्हणजे बदलाचे शुल्क माफ, भाड्यातला फरक माफ नव्हे. "क्रेडिट शेल" म्हणजे पैसे परत न देता पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवणे. त्याची मुदत लिहून घ्यावी. सहलीच्या पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे नमुन्यातले दोघांचे ४३,००० हे प्रत्यक्षात ४५,१५० होतात. परदेशी पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएसही (विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच वसूल करून सरकारजमा केलेला कर) घेतला जातो. त्याचा दर बदलत आला आहे, पण ती रक्कम आपल्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना वजा करता येते, म्हणून पॅन बरोबर दिला आहे का, ते पाहावे.

युरोपला जाणाऱ्यांनी "सिंगल एंट्री" आणि "मल्टिपल एंट्री" हा फरक विसरू नये. पॅरिस, मग लंडन, मग अॅमस्टरडॅम असा कार्यक्रम असेल तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र लागतो, आणि लंडनहून पुन्हा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, शिरायचे असल्याने शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. शेंगेनमधील मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त होता कामा नये, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. देशातही अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला जाण्यासाठी भारतीय नागरिकांना "इनर लाइन परमिट" घ्यावे लागते. ते काढून देण्याचे काम आणि शुल्क पॅकेजमध्ये आहे का, हे विचारावे.

शेवटची पायरी: व्हाउचर आल्यावर

पूर्ण पैसे भरल्यावर हॉटेलच्या नावाचे "सर्व्हिस व्हाउचर" येते. ते फाइलमध्ये ठेवून न देता निघण्याच्या तीन-चार दिवस आधी हॉटेलला स्वतः फोन करावा. व्हाउचरवरचा क्रमांक सांगून आरक्षण कोणाच्या नावावर आहे, किती खोल्या, कोणता प्लॅन आणि कंपनीने पैसे पोहोचते केले आहेत का, एवढे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला "ते येतील" असे उत्तर मिळाले तर त्याच दिवशी प्रवासी कंपनीला लेखी कळवावे आणि हॉटेलचा पोहोच-संदेश मागून घ्यावा. मुन्नारच्या थंडीत रात्री नऊ वाजता रिसेप्शनवर उभे राहून हा प्रश्न सोडवणे फार जड जाते.